शेतकरी टॅक्स भरत नाही, मग त्याला अनुदान कशाला?

भाऊ, इन्कम टॅक्स नाही भरत हे खरं, शेतीचं उत्पन्न कायद्यानंच त्यातून माफ आहे. पण टॅक्स काय फक्त इन्कमवरच असते का? आमच्या यवतमाळकडं पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी केल्याशिवाय भागत नाही अन् त्या रासायनिक औषधावर 18 टक्के जीएसटी, खतावर 5 टक्के, डिझेलवर केंद्राची एक्साइज अन् राज्याचा व्हॅट वेगळा. दुकानदार आपला खरेदीवर भरलेला जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे पुढं भरायच्या टॅक्समधून, वळता करून घेते, कास्तकाराचा जीएसटी नंबरच नसते तर तो कोणाकडून घेईल, शेवटी सगळं त्याच्याच अंगावर. अन् दोन एकरवाला असो का बंगलेवाला, साबणाच्या वडीवर टॅक्स सारखाच लागते.

पीएम किसानचे वर्षाला 6000 येतात, म्हणजे महिन्याला 500, तेवढ्यात एक फवारणीही होत नाही. तिकडं 2019 मध्ये कंपन्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्क्यांवर आणला (सवलती सोडायच्या अटीवर), तेव्हा फुकटे कोणी म्हटलं नाही.

हां, शेतीच्या नावावर दुसरीकडचा पैसा दाखवणारे बडे लोक आहेत, त्यांच्यावर टॅक्स लावा ना, आमची कुठं ना आहे.