पुण्यातील तळी आणि मुळा-मुठा नागरिकांच्या प्रयत्नांतून सुधारू शकतात का?

नोकरी सांभाळून केवळ रविवारी वेळ देता येणाऱ्या माणसाने पुण्यातील नदी-तलावांच्या कामात कोठे सहभागी व्हावे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. कोठे जावे, ते आधी सांगून टाकते. जीवितनदी या पुण्यातील नद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विठ्ठलवाडीला नदीकाठ दत्तक घेऊन काम केले आहे. त्यांच्याबरोबर काठाने एक फेरी मारावी, म्हणजे नदी पुलावरून दिसते त्याहून वेगळी कळेल. उपयोग होतो का, हे मात्र रविवारी काय करता यावर अवलंबून आहे, आणि या बाबतीत माझे आमच्या सोसायटीच्या माजी अध्यक्षांशी जुने भांडण आहे.

आमची सोसायटी राम नदीच्या पाणलोटात आहे. ही नदी भुकूमकडून निघून भूगाव, बावधनमार्गे पाषाण तलावात येते आणि पुढे औंधजवळ मुळेला मिळते. अध्यक्षांना श्रमदानाची फार हौस होती. टोपी, घोषणा छापलेले टी-शर्ट, नाष्ट्याला पोहे आणि तलावातील जलपर्णी ओढून काठावर रचलेले ढीग, असा तो थाट असे. जलपर्णी पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते, म्हणजे आपल्या मैल्यावर आणि कपडे-भांड्यांच्या साबणावर. काठावर कुजलेल्या ढिगातील तेच घटक पहिल्या पावसाबरोबर पुन्हा तलावात उतरतात, आणि गाळात पडलेले बी अनेक वर्षे रुजण्याची वाट पाहते. म्हणून काढलेली जलपर्णी त्याच दिवशी उचलून नेणार नसाल, तर ती काढण्याचे कष्ट घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी निवृत्तीपर्यंत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासत होते. त्यामुळे सोसायटीच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पाकडून येणारा वास मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. चालू टाकीतील पाणी तपकिरी असते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. आमच्या टाकीतील पाणी काळे होते आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. मी अध्यक्षांना खाली बोलावले. त्यांनी पॅनेलवरील हिरव्या दिव्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, ‘काकू, दिवा लागलाय की! प्लांट चालूच आहे.’ तो दिवा पॅनेलला वीज येत असल्याचा होता. हवा सोडणारा ब्लोअर बिल वाचवण्यासाठी बंद ठेवला होता, मैला खाऊन पाणी शुद्ध करणारे टाकीतील जिवाणू हवेअभावी केव्हाच मेले होते आणि आमच्या सर्व घरांचा मैला पावसाळी गटारातून सरळ राम नदीत जात होता. त्याच महिन्यात आमच्या श्रमदानाचे छायाचित्र स्थानिक पुरवणीत छापून आले.

वार्षिक सभेत मी हा विषय काढला, तेव्हा ब्लोअर चालवल्यास मासिक शुल्क वाढेल एवढे एकच वाक्य त्यांनी उच्चारले आणि सभा त्यांच्या बाजूने गेली. त्यानंतर मी एक लिटरचा मोजनळा विकत आणला. टाकीतील पाणी त्यात भरून तीस मिनिटे स्थिर ठेवायचे, तळाशी किती गाळ, म्हणजे जिवाणूंचा साका, बसतो ते पाहायचे आणि तो आकडा ब्लोअरच्या वीजमीटरच्या वाचनाशेजारी लिहून सूचनाफलकावर लावायचा, हा माझा शिरस्ता झाला. सदनिका विकायला काढलेल्या दोघांनी, खरेदीदार हे वाचतील या भीतीने, अखेर ब्लोअर सुरू करायला लावला. पुढील अहवालात त्याचे श्रेय अध्यक्षांनी ‘लोकसहभागाला’ दिले.

नदीचेही गणित हेच आहे. पावसाळा सोडला, तर खडकवासल्याच्या खाली मुठेत धरणाचे पाणी जवळजवळ नसते. शहरातून वाहते ते आपल्याच घरांतील पाणी. तेच भीमेतून उजनीत जाते आणि सोलापूरकर पितात. जपानी कर्जावरील मैलाशुद्धीकरण योजना केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केली आणि तिची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. त्याच दिवशी नदीकाठ सुशोभीकरणाचीही पायाभरणी झाली. पाणी शुद्ध होण्याआधी काठ सजवणे मला आमच्या अध्यक्षांच्या टी-शर्टांसारखेच वाटते.

श्रमदान अगदी निरुपयोगी आहे असे मात्र नाही. काठावरील प्लास्टिक आणि निर्माल्य हातांनीच उचलावे लागते, आणि चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला नाला कोठून येतो हे विचारावेसे वाटते. शिवाय मी सांगते ते मोठ्या सोसायट्यांपुरते आहे. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि मैलाशुद्धीकरणाची अट त्या मंजुरीत असते. जुन्या, छोट्या इमारतीत राहत असाल, तर आपली मलवाहिनी महापालिकेच्या वाहिनीला जोडली आहे की ओढ्याला, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा. मोठ्या सोसायटीत असाल, तर पहिला रविवार तळघरातील प्रकल्पाजवळ घालवा, सोबत विजेचे जुने बिल ठेवा, आणि कोणी हिरवा दिवा दाखवला तर ब्लोअरचा मीटर दाखवायला सांगा.