कॅलेंडरवर दुधाशेजारी दुखणंही लिही

पत्र : मावशी, मी तासगावजवळ राहते. वय २४, लग्नाला दीड वर्ष झालं. शेडवर बेदाणा निवडायला जाते. पाळी तिसाव्या दिवशी येते, पण पोट महिन्यातून तीनदा दुखतं. पाळी संपल्यावर दहा-बारा दिवसांनी एका अंगाला टोचतं, पाळीआधी चार दिवस खाली ओढ लागते, परसाकडेला बसलं की जीव जातो, आणि पाळीत तर कळा असतातच. सासूबाई म्हणतात, एक पोर झालं की दुखायचं राहील. खरं का?

बाळ,

परसाकडेचं तू दोन गोष्टींच्या मध्ये दडवून लिहिलंयस. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आधी मधलं टोचणं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडाशयातून बीज सुटतं, म्हणजे तुझ्या हिशेबात सोळाव्या दिवसाच्या आसपास. तेव्हा एका बाजूला दुखतं, कधी घटकाभर, कधी दिवस-दोन दिवस. त्याच सुमारास अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पाणी जात असेल, तर खूण पटली. त्याला भिऊ नकोस.

पाळीतल्या कळांचं कारण वेगळं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं, कंबर धरते, मांड्या भरून येतात. मेफेनामिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनची गोळी हीच द्रव्यं तयार होऊ देत नाही. म्हणून ती पहिल्या कळेलाच, पोटात दोन घास गेल्यावर घ्यायची. लोळायची वेळ आल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, नाहीतर पाळी लांबली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

आता ते पाळीआधीचं. रक्तस्राव सुरू व्हायच्या आधीच चार दिवस दुखणं, शौचाला बसताना कळ येणं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं (हे तू लिहिलं नाहीस, पण असेल तर डॉक्टरांना सांग), यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, कधी आतड्यालगत वाढतो. पाळीच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा असतो. साधी सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजपासून हेच होतं. पाळीच्या दिवसांत संडासला जाताना ती ओढणीचं टोक दातांत धरायची. आम्ही बद्धकोष्ठता म्हणत राहिलो, इसबगोल देत राहिलो. निदान झालं तेव्हा ती ३१ वर्षांची होती. त्या ओढणीचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पाळीतल्या साध्या कळा बाळंतपणानंतर कित्येकींच्या कमी होतात, त्यांच्याही झाल्या असतील. पण एंडोमेट्रिओसिस असेल तर मूल हा त्यावरचा उपचार नव्हे. उलट काहींना त्यामुळेच दिवस राहायला वेळ लागतो. म्हणून पोर होईपर्यंत थांबू नकोस.

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितच असशील. त्याच चौकटीत दुखलेल्या दिवशी उ, डा किंवा म लिही, उजवं, डावं, मधलं. शौचाला दुखलं तर खाली टिंब. कुणाला कळणारही नाही. नोंद सुरू ठेव, पण त्यासाठी तारीख पुढे ढकलू नकोस. याच महिन्यात सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेला, सोयीचं पडेल तिथे, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

काही दुखण्यांना मात्र सकाळची एसटीही बघायची नाही. पाळी चुकलीय आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, तर गर्भ नळीत असू शकतो. अचानक भयंकर कळ आणि उलट्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताप आणि घाण वासाचं पांढरं जाणं असेल तर आत जंतुसंसर्ग. बेंबीपाशी सुरू होऊन खाली उजवीकडे सरकणारं, जेवण नकोसं करणारं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं, ते पाळीची तारीख बघत नाही. यातलं काहीही झालं तर रात्री असलं तरी नवऱ्याला उठव आणि १०८ ला फोन कर.

आणि दवाखान्यात तोंडातून शब्द फुटला नाही, तर मला लिहिलंस तेच कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेव. परसाकडेचं सगळ्यात वर लिही.

तुझी मावशी