ओपन वॉटर नुकतंच झालंय. जुन्या डायव्हर मित्रांबरोबर नेत्राणीला पहिली डाइव्ह, काय लक्षात ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपन वॉटर हा स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच झाला, आता पुण्याहून तीन मित्रांबरोबर नेत्राणीला, म्हणजे कर्नाटकातल्या मुर्डेश्वरजवळच्या बेटाला निघालाय, ते तिघं मुरलेले डायव्हर, आणि ‘माझ्यामुळे त्यांची मजा जायला नको’ अशी धास्ती. मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं हे कोर्समध्ये घोटून घेतलेलं असतं, ते पुन्हा सांगत नाही. ही धास्ती मात्र पाण्याखाली महागात पडते, तेव्हा तिच्याबद्दलच बोलू.

हवा तुमचीच आधी संपणार, हे धरूनच चला. नवा माणूस हात मारत पोहतो, बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमध्ये) उगाच हवा भरतो-सोडतो, धपापत श्वास घेतो. आकडे मांडून बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची टाकी मिळते, साधारण ११ लिटरची, २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेली. त्यातले ५० बार राखीव. म्हणजे वापरायला ११ गुणिले १५०, १६५० लिटर. पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर १५ मीटरवर दाब अडीच पट असल्यामुळे ५० लिटर लागते. ३३ मिनिटांत खेळ खलास. निवांत श्वास घेणारा मित्र मिनिटाला १३ लिटरवर भागवतो, त्याला तीच टाकी ५० मिनिटं पुरते. सवय झाली की तुमचाही आकडा खाली येईल. पण त्या दिवशी डाइव्ह तुमच्या गेजवर, म्हणजे टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्यावर संपणार, आणि हे मित्रांना बोटीतच सांगून टाकायचं, टाक्या पाठीवर चढायच्या आधी. ‘माझे १०० बार झाले की मी खूण करणार, तिथून मागे फिरायचं, आणि ५० बार शिल्लक असताना वर यायचं.’ चांगला बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, यावर मान डोलावतो. ‘अरे, बघू रे खाली गेल्यावर’ म्हणणारा भेटला तर दुसऱ्या कुणाबरोबर जोडी लावा.

माझी मित्रांबरोबरची पहिली डाइव्ह गोव्यात, ग्रांदे बेटाजवळ झाली. पाणी हिरवट, चार-पाच मीटरच्या पुढचं धूसर. माझा बडी एका खडकाला नाक लावून बोटाएवढ्या सी-स्लगचे फोटो काढत होता आणि मी त्याच्या फिन्सशेजारी तरंगत गेज बघत होतो. काटा शंभरावर आला. एका हाताचा तळवा आडवा, दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवलेली, ही निम्म्या टाकीची खूण मी केली. त्यानं स्वतःचा गेज दाखवला, १४० च्या आसपास. मग कॅमेरा बंद करून क्लिपला अडकवला आणि फिरला. बोटीत आल्यावर म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंस, मी केव्हाचा कुडकुडत होतो.’ मागे फिरायचं म्हटलं की समोरचा हिरमुसेल, हे बहुतेक वेळा आपणच मनात रचलेलं असतं. शिवाय कुणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, हा या खेळातला रिवाजच आहे. दरडावून ‘का?’ विचारणाऱ्याबरोबर परत जाऊ नये.

कॅमेरावाला मित्र बडी म्हणून वाईट नसतो, पण त्याला तुमच्याकडे बघायची आठवण नसते. हाताच्या अंतरावर राहा. चुकामूक झालीच तर एक मिनिट आजूबाजूला बघायचं, दिसला नाही की सावकाश वर. त्यानंही तेच करायचं, हेही बोटीतच ठरवून घ्या.

आता खोली. ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं असतं. मित्र ॲडव्हान्स्ड असतील तर त्यांना ३० पर्यंत मुभा आहे, आणि ‘थोडंच खाली आहे, ये की’ असा इशारा होऊ शकतो. नकाराची खूण करा आणि जागचे हलू नका. डाइव्ह सेंटरचा डाइव्हमास्टर बरोबर असेल, पण तो वाटाड्या. कोर्समधल्या इन्स्ट्रक्टरसारखा दर दोन मिनिटांनी तुमचा गेज बघेल, असं समजू नका.

सामान भाड्याचं असणार, तेव्हा दोन गोष्टी स्वतः बघा. टाकीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्रातून) चार-पाच खोल श्वास घ्या आणि त्या वेळी नजर गेजवर ठेवा. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. बोटीत हवा नीट येते, घात खाली गेल्यावर होतो. दुसरी गोष्ट, बुडण्यासाठी अंगावर लावायच्या शिशाच्या वजनाची. भरलेल्या टाकीत अडीच किलोच्या आसपास हवाच असते. ती संपत आली की ॲल्युमिनियमची टाकी वर ओढायला लागते, आणि वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं नेमकं तेव्हाच नवा डायव्हर बुचासारखा वर सुटतो. म्हणून वजन ‘आत्ता बुडतोय, बास’ एवढ्यावर ठरवू नका, शेवटच्या ५० बारचा विचार करून थोडं जास्तीचं घ्या. पण भारंभारही नको. जास्त वजन म्हणजे बीसीडीत जास्त हवा, जास्त धडपड, आणि पुन्हा तोच हवेचा हिशेब.

मुर्डेश्वरहून बोटीला चांगला तास-दीड तास लागतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, पण अशा गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती आधी एकदा घरी घेऊन बघा आणि डाइव्हसाठी चालेल का हे डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर मात्र पाण्यात उतरूच नका. नाक मोकळं करायच्या औषधाचा असर खाली असतानाच उतरला, तर वर येताना कान-सायनसमध्ये हवा अडकते आणि फार दुखतं.

परतीचंही आधीच ठरवा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा की एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास विमान नको, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाच्या हवेत बुडबुडे करतो. हे विमानाबद्दल सगळ्यांना पाठ असतं, घाटाबद्दल कुणी बोलत नाही. गाडीनं हुबळी-बेळगावमार्गे पुण्याला येणार असाल तर किनाऱ्यावरून काही तासांतच ६५० ते ७५० मीटर वर चढता. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट असं करू नका. रात्र मुर्डेश्वरलाच काढा, मासे खा, सकाळी उशिरा निघा. कोकण रेल्वेनं येणार असाल तर पनवेलपर्यंत फारशी उंची लागत नाही, पण तिथून पुण्याला येताना बोरघाट चढावाच लागतो.