रियाज सुटलेला सतारिया, हात दुखावलेला पैलवान

सातारा-सांगली भागात रोलप्लेइंग खेळ (फासे टाकत, एकेका पात्राची भूमिका करत कथा रंगवण्याचे खेळ) खेळणाऱ्या टेबलांवरून पात्राचं कौशल्य कमी होण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले चार इथे घेतले आहेत.

प्रश्न (कराड) : आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डी अँड डीची ३.५ आवृत्ती खेळतो. सातव्या लेव्हलच्या ‘रोग’ला (चोरटा, चपळ पात्रप्रकार) वाइट या चालत्या प्रेताचा एक फटका बसला आणि खेळाडूनं लगेच शीटवरची (पात्राच्या नोंदपत्रकावरची) लेव्हल आणि स्किल रँक (कौशल्यात घातलेले गुण) खोडले. बरोबर आहे का?

घाई झाली. त्या फटक्यानं लेव्हल जात नाही, एक निगेटिव्ह लेव्हल चिकटते. तिचा परिणाम म्हणजे सगळ्या स्किल चेक (कौशल्य आजमावणारे फासे), अ‍ॅबिलिटी चेक, हल्ला आणि सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठीचा फासा) यांवर −१ आणि ५ हिट पॉइंट (जीवनशक्ती) कमी. रँक जिथल्या तिथे राहतात. २४ तासांनी फॉर्टिट्यूड सेव्ह (तग धरण्याचा सेव्हिंग थ्रो) टाकायचा, वाइटसाठी लक्ष्य १४, म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि पात्राचा बोनस मिळून तेवढे व्हायला हवेत. जमला तर ती निगेटिव्ह लेव्हल निघून जाते. चुकला तरच लेव्हल कायमची जाते. निगेटिव्ह लेव्हल दोन असतील तर सेव्हही दोन, वेगवेगळे.

सेव्ह चुकलाच, तर अनुभवाचे गुण खालच्या लेव्हलच्या मध्यावर येतात, म्हणजे सातवरून सहावर आलेल्याचे १८,०००. सातव्या लेव्हलला मिळालेले स्किल पॉइंट (८ अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर, म्हणजे बुद्धीच्या गुणावरून येणारी अधिक-उणे भर) परत घ्यायचे, रँकची कमाल मर्यादा १० वरून ९ करायची, स्नीक अटॅकचा (बेसावध शत्रूवरच्या वाराचा) एक फासा काढायचा. गोंधळ होतो तो इथेच, कारण ते पॉइंट कुठे घातले होते हे कुणाला आठवत नाही. म्हणून प्रत्येक लेव्हलला काय वाढलं ते शीटच्या मागे एका ओळीत लिहून ठेवा. आणि लेव्हल गेल्या गेल्या पुजाऱ्याकडे चला. रिस्टोरेशन मंत्र १०० सुवर्णनाण्यांची हिऱ्याची पूड घेतो, पण मंत्र टाकणाऱ्याच्या दर लेव्हलमागे एकच दिवसाची मुदत देतो. सातव्या लेव्हलचा क्लेरिक (पुजारी) असेल तर आठवड्याच्या आत.

प्रश्न (सांगली) : डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत माझं पात्र तालमीतला पैलवान आहे, अ‍ॅथलेटिक्स +७. खांदा निखळला असं कथेत ठरलं. आकड्यांत कसं दाखवायचं?

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) कायमच्या जखमांचा ऐच्छिक तक्ता आहे. त्यात हात गमावलेल्याला दोन हातांनी काही धरता येत नाही, लंगडणाऱ्याचा वेग ५ फूट कमी होतो. स्किलचा आकडा उतरवणारा सोपा नियम मात्र नाही, तो टेबलवरच ठरवावा लागतो.

दोन वाटा आहेत. लक्ष्य १५ धरा. +७ असताना यशाची शक्यता ६५ टक्के. प्रोफिशियन्सीचा (कौशल्य शिकल्याचा बोनस) +३ काढला तर +४ उरतो, शक्यता ५० टक्के. त्याऐवजी डिसअ‍ॅडव्हान्टेज दिला, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा घेतला, तर ती ४२ टक्क्यांवर येते. डिसअ‍ॅडव्हान्टेज वरवर सौम्य वाटतो, पण या ठिकाणी तोच जास्त लागतो. दोन्ही एकत्र लावले तर जेमतेम २५ टक्के. असं करू नका, खेळाडू कुस्ती धरायचंच सोडून देईल.

आम्ही प्रोफिशियन्सी काढायला सांगू, तीही फक्त पकडीपुरती. पळणं, उडी मारणं तसंच राहू द्या. २०२४ चे नियम वापरत असाल तर पकडीसाठी तुम्ही फासा टाकत नाही, समोरचा सेव्ह टाकतो. तिथे समोरच्याला गाठायचं लक्ष्य १५ वरून १२ करा. बरं कधी होणार तेही त्याच दिवशी सांगून टाका, उदाहरणार्थ तालमीतल्या मालिशवाल्याकडे खेळातले दहा दिवस. मुदत माहीत नसलेली जखम खेळाडूला शिक्षा वाटते.

प्रश्न (मिरज) : कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळात आमच्या कथेत दोन वर्षं उलटली. सतारवादक पात्रानं सतारीला हात लावला नाही. तिच्या वादनकौशल्याच्या ६५ टक्क्यांतून काही कमी करावेत का?

करावेत, पण जपून. सातव्या आवृत्तीत वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची आणि नंतर शतांश फासा (१ ते १००) टाकायचा. तो कौशल्याच्या वर गेला की १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढी) वाढ. न वापरल्याची घट तुम्हालाच बसवावी लागेल.

रियाज सुटला की हात जातो, कान जात नाही. म्हणून आकडा एकच असला तरी वापर दोन धरा. राग ओळखणं, जवारी (तारांखालच्या घोडीची घडण) बिघडली आहे हे ऐकून सांगणं, सतारमेकर गल्लीत वाद्य पारखणं हे ६५ वरच. प्रत्यक्ष वाजवणं दर वर्षी ५ नं उतरवा, म्हणजे दोन वर्षांनी ५५. तळ मात्र ठरवा: आजवरच्या सर्वोच्च आकड्याच्या निम्म्याखाली कधीच नाही. परत येताना वेग वाढवा. वाढीचा फासा यशस्वी झाला तर १डी१० ऐवजी २डी१०, जुन्या ६५ पर्यंतच. एकदा बसलेला हात पुन्हा लवकर बसतो, ते आकड्यांत दिसलं पाहिजे.

६५ खोडू नका. त्याच्या शेजारी पेन्सिलनं ५५ लिहा. आपण काय होतो ते खेळाडूला समोर दिसत राहिलं की ती स्वतःच रियाजाचे प्रसंग मागते.

प्रश्न (वाई) : ५३ वर्षांचं पात्र सगळ्याच खेळांत कमजोर होतं का?

शरीरानं, हो. डी अँड डी ३.५ मध्ये ५३ व्या वर्षी माणसाचे स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन (ताकद, चपळाई, तग) प्रत्येकी ३ नं घटलेले असतात, पण इंटेलिजन्स, विस्डम, करिष्मा (बुद्धी, शहाणपण, छाप) प्रत्येकी २ नं वाढलेले. क्थुलूमध्ये पन्नाशीतलं पात्र तयार करताना शारीरिक गुणांतून मिळून १० आणि रूपातून १० जातात, बदल्यात शिक्षण वाढवण्याच्या तीन संधी मिळतात. १९७७ च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात तर ३४ व्या वर्षापासूनच वयाचे फासे सुरू होतात. या तिन्ही ठिकाणी वय गुणांवर लागतं, शिकलेल्या स्किलवर थेट नाही. तेव्हा अजिंक्यतारा चढताना तुमच्या पात्राला धाप लागेल, पण वाट चुकणार नाही.