गावात खेळता येईल तेवढंच

प्रिय सेक्रेटरीसाहेब,

चोविसाव्या वर्षी सेक्रेटरी झालास, तेव्हा आता ‘साहेब’ ऐकायची सवय करून घे. शिव्याही त्याच नावानं पडतात.

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. त्यातलं निम्मं तू मला नाही, स्वतःलाच समजावत होतास. मुद्दा एवढाच, की आपल्या गावचे पण आता पुण्यात बस्तान बसलेले ते बांधकामवाले आपल्या फुटबॉल संघाचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. कोच आणतो, दोन परदेशी खेळाडू आणतो, पोरांना महिन्याला पगार देतो म्हणतात. फक्त सराव आणि सामने पुण्याला, कारण ते म्हणतात त्या वरच्या लीगला लागतं तसं मैदान आपल्याकडं नाही. पोरं म्हणतात घ्या, म्हातारे म्हणतात घ्या, आणि तुझ्या पोटात गोळा येतो.

गोळा बरोबर ठिकाणी आलाय. गावात खेळता येईल तेवढंच मोठं व्हायचं. मला एवढंच सांगायचंय. पण तुमची पिढी पुरावा मागते, म्हणून ग्रेटना नावाच्या गावाची हकीकत सांगतो. नीट वाच, फोनवर बोट सरकवत नको.

इंग्लंडमधून स्कॉटलंडात शिरलं की हद्दीवरच हे गाव लागतं. या हकीकतीच्या काळात वस्ती तीन हजारांच्या आतली. शेजारचं ग्रेटना ग्रीन पळून जाऊन लग्न करणाऱ्यांसाठी जगप्रसिद्ध. अठराव्या शतकात इंग्लंडनं लग्नाचा कायदा कडक केला, स्कॉटलंडात तो लागू नव्हता, मग पोरंपोरी घोडागाडीनं हद्द ओलांडायची आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न लावून मोकळी व्हायची. संघाला अजून ‘ऐरणवाले’च म्हणतात. हे जाता जाता सांगितलं. तुझं लग्न हा माझा विषय नाही.

१९४६ साली दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी हा क्लब काढला. मैदान रेडेल पार्क. गाव स्कॉटलंडात, पण कार्लाइल हे जवळचं मोठं शहर इंग्लंडात, म्हणून पन्नासहून जास्त वर्षं हे लोक इंग्लंडच्या लीगमध्ये खेळले. खालच्या थरात, हौशी आणि अर्धवेळ खेळाडूंबरोबर. १९९१ आणि १९९२ साली नॉर्दर्न लीग जिंकली. १९९३ मध्ये एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडभरच्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत बोल्टन वाँडरर्सच्या मैदानावर जाऊन ३-२ असे हरले. बोल्टनसारख्या जुन्या मातब्बर क्लबाकडून एका गोलानं! मला विचारशील तर या क्लबाच्या इतिहासातलं सगळ्यात देखणं पान हेच. कुणाचा पैसा नाही, कुणाची मेहरबानी नाही. पण हे पान कुणी उघडत नाही, कारण पुढं जे झालं त्याचा झगमगाट मोठा.

२००२ मध्ये एअर्ड्रीओनियन्स हा क्लब दिवाळखोरीत बुडाला आणि स्कॉटिश लीगमध्ये एक जागा रिकामी झाली. ती ग्रेटनाला मिळाली. मग आले ब्रूक्स माइलसन. विम्याच्या धंद्यातले, स्वतःच्या हिमतीवर पैसा केलेले. लहानपणी पाठीला अशी दुखापत झाली होती, की हा पोरगा पुन्हा चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो पुढं लांब पल्ल्याचा धावपटू झाला. माणूस दानशूर होता. ग्रेटनाच काय, कितीतरी लहान क्लबांना त्यांनी हात दिला. हे मुद्दाम लिहितोय. तू मला लिहिलंयस, ‘काका, ते माणूस म्हणून चांगले आहेत.’ अरे, असतील ना! माइलसनही चांगलेच होते. वाईट माणसाचा पैसा ओळखायला सेक्रेटरी लागत नाही, चहावाल्यालाही कळतो. चांगल्या माणसाच्या पैशापुढंच सेक्रेटरीचा कस लागतो.

२००४-०५ च्या हंगामात सगळ्यात खालच्या विभागात ग्रेटनानं ३६ सामन्यांत १३० गोल मारले आणि ९८ गुण मिळवले. केनी ड्यूकर नावाचा स्ट्रायकर पेशानं डॉक्टर, त्यानं एकाच हंगामात सहा हॅट्ट्रिक केल्या. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी वर. त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, स्कॉटिश कपच्या उपांत्य फेरीत डंडीला ३-० नं लोळवून अंतिम फेरीत. तिसऱ्या थरातला संघ तिथवर पोचायची ती पहिलीच वेळ. हॅम्पडन पार्कवर पन्नास हजारांवर माणूस, समोर एडिनबराचा बडा क्लब हार्ट्स. हार्ट्सनं आधी गोल केला. मग ग्रेटनाला पेनल्टी मिळाली, मॅकगफीनं मारली, गोलकीपरनं अडवली, आणि परत आलेला बॉल त्यानंच आत घातला. १-१. टायब्रेकरवर ४-२ नं हरले. तू हा सामना कुठं मिळाला तर बघ. मी नाही म्हणत नाही, अंगावर काटा येतो.

हार्ट्स चॅम्पियन्स लीगला जाणार होते, म्हणून उपविजेत्या ग्रेटनाला युएफा कपचं, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचं, तिकीट मिळालं. गावच्या पोरांच्या क्लबात युरोप येणार! पण कुठं आला? मदरवेलला. रेडेल पार्क लहान पडलं, म्हणून आयर्लंडच्या लीगमधल्या डेरी सिटीविरुद्धचा ‘घरचा’ सामना शंभराहून जास्त किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या मैदानावर झाला. १-५ असे हरले. ते हरले याचं मला काही नाही. गावाला युरोप बघायला एसटी धरून परगावी जावं लागलं, याचं आहे. तिथं एसटी नसते, पण तुला कळलं.

तिथंच थांबायला हवं होतं. गावात खेळता येईल तेवढंच.

थांबले नाहीत. २८ एप्रिल २००७, दुसऱ्या थरातल्या हंगामाचा शेवटचा दिवस. बारा गुणांची आघाडी वितळून गेली होती. तिकडं सेंट जॉन्स्टननी आपला सामना जिंकून संपवला होता, आणि त्या घटकेला पहिल्या क्रमांकावर तेच होते. इकडं रॉस काउंटीच्या मैदानावर २-२, वेळ संपलेली, जादा मिनिटं चाललेली, आणि जेम्स ग्रेडीनं गोल मारला. सलग तिसरी बढती. तीन हजारांच्या आतलं गाव सेल्टिक आणि रेंजर्स या स्कॉटलंडच्या सगळ्यात बड्या क्लबांच्या पंगतीला.

या पंगतीत बसायची अट होती सहा हजार खुर्च्यांचं स्टेडियम. रेडेल पार्कात दोन-सव्वादोन हजार माणसं मावायची, तीही बहुतेक उभी. जरा गणित कर. गावातली तान्ही बाळं, अंथरुणाला खिळलेले, फुटबॉलचा तिटकारा असलेले, सगळे नेऊन बसवले तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. नव्या स्टेडियमचे बेत झाले, ते कागदावरच राहिले. हंगामाचे जवळजवळ सगळे घरचे सामने पुन्हा मदरवेलला, फर पार्कवर. एका मैदानावर दोन संघ खेळायला लागल्यावर त्या गवताचं काय झालं असेल, ते आपल्या मैदानावर पावसाळ्यानंतर दोन स्पर्धा घेऊन बघितलेल्या तुला सांगायला नको.

एप्रिल २००८ मध्ये इन्व्हरनेसविरुद्धच्या ‘घरच्या’ सामन्याला ४३१ प्रेक्षक होते. देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये ४३१! आपल्या गावात दसऱ्याच्या सामन्याला बांधावर यापेक्षा जास्त माणसं असतात, आणि झाडावरची पोरं मी त्यात धरलेली नाहीत.

तोवर माइलसन आजारी पडले होते. पैसा थांबला. मार्चमध्येच क्लब दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला आणि लीगनं दहा गुण कापले. ३८ सामन्यांअखेर खात्यावर १३ गुण. शेवटच्या सामन्यात हार्ट्सला १-० नं हरवलं, त्याच हार्ट्सला, गोल स्केल्टनचा. जूनमध्ये क्लब लीगमधून बाहेर पडला, ऑगस्टमध्ये गुंडाळला गेला. नोव्हेंबरमध्ये माइलसन वारले. लीगमध्ये शिरल्यापासून सहा वर्षांत सगळं आटोपलं.

आता तू म्हणशील, त्यांचा माणूस आजारी पडला, आपला धडधाकट आहे. हे वाक्य तोंडातून काढू नकोस. देव करो आणि त्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण त्यांच्या धंद्यात मंदी येईल, भाऊबंदकी होईल, मुलाला क्रिकेट आवडेल. एका माणसाच्या तब्येतीवर क्लब उभा असेल तर सेक्रेटरीनं मैदानावर नाही, त्या माणसाच्या रक्तदाबावर लक्ष ठेवायचं का?

लेक कार्लाइलला होती तेव्हा मी रेडेल पार्कला जाऊन आलोय. क्लब मेल्यावर समर्थकांनी वर्गणी काढून ‘ग्रेटना एफसी २००८’ नावानं नवा काढला. पहिले दोन हंगाम शेजारच्या ॲननमधल्या मैदानावर काढले आणि २०१० मध्ये रेडेलवर परत आले. मी बघितला तो सामना अगदी किरकोळ होता, बारीक पाऊस पडत होता. मैदानाभोवतीच्या कठड्याला टेकून माणसं उभी, लाइनमन इतका जवळ की त्याला नाव घेऊन शिव्या देता येतील, आणि देतही होते. मध्यंतरात खिडकीतून चहा, कागदी कपात, इतका कढत की हात बदलत प्यायचा. शेजारी उभ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, वरच्या लीगच्या वर्षी किती सामने पाहिले. एकही नाही, म्हणाला. एवढ्या लांब कोण जाणार! त्याच्या आयुष्यात क्लब सगळ्यात उंच गेला, आणि तो नेमका त्याच वर्षी घरी बसला.

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू? मला बरं वाटलं. कारण इतकी वर्षं गावात जे मी ऐकून घेतलंय, त्याचं उत्तर तो परका माणूस मला चहा पिता पिता देऊन गेला.

तुला ते प्रकरण अर्धवट माहीत असेल. मी सेक्रेटरी असताना आपल्या मंडळालाही असाच एक दाता मिळाला होता. संघ शहरात न्यायचा, नाव बदलायचं, जर्सी त्यांच्या रंगाची. मी नाही म्हणालो. कमिटीत मतं फुटली, मी एकेकाच्या घरी जाऊन ती गोळा केली आणि ठराव पाडला. त्या हंगामात आपले चार चांगले खेळाडू शहरातल्या संघांकडं गेले. लेफ्ट विंगला खेळणारा तो पोरगा, त्याच्यासारखा बॉल अजून आपल्या मैदानावर कुणाच्या पायाला चिकटला नाही, दुसऱ्याच वर्षी गुडघ्यातून गेला. अजून लग्नकार्यात कुणी ना कुणी मला ऐकवतंच, ‘तुम्ही अडवलं नसतं तर तो कुठल्या कुठं गेला असता.’ गेला असता, कदाचित. त्याचा गुडघा मी मोडला नाही. तो इथं राहिला असता तर मोडला नसता, असंही मी म्हणत नाही. पण त्याचा मुलगा आज तुझ्या चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो ना? कुठल्या मैदानावर? मी म्हणालो असतो ‘घ्या’, तर ते मैदान आज प्लॉट पाडून विकलेलं असतं, आणि तुला हा प्रश्न पडायला क्लबच नसता. माझ्या हट्टावर जग काही का म्हणेना, मी आजही तोच ठराव पाडेन.

असो. माझं पुराण पुरे.

ग्रेटनाच्या रिकाम्या जागी २००८ मध्ये कोण आलं माहीत आहे? ॲनन ॲथलेटिक, दहा-पंधरा किलोमीटरवरचे शेजारी. त्यांना ना कुणी माइलसन भेटला ना सलग तीन बढत्या मिळाल्या. खालच्या विभागात पंधरा वर्षं खेळत राहिले, आपल्याच गॅलाबँक मैदानावर, आणि २०२३ मध्ये एक पायरी चढले. पंधरा वर्षांत एक पायरी! तुझ्या पोरांना ही गोष्ट सांगितलीस तर हसतील. हसू दे.

मी पैशाला नाही म्हणत नाही, हे नीट समज. नाहीतर बैठकीत सांगशील, काका म्हणाले पैसे परत करा. पैसे घे. पण पुण्यातल्या सामन्यांसाठी नको. मैदान सपाट करून घे, पाणी जायला चर काढून घे, बसायला चार पायऱ्या बांधून घे, मुलींच्या संघाला कपडे बदलायला खोली बांधून घे. त्यांना विचार, कोचचा एक वर्षाचा पगार आगाऊ बँकेत ठेवता का. त्यांना विचार, उद्या तुम्ही हात काढून घेतलात तर पोरांचे करार कोण पाळणार. यावर त्यांचा चेहरा पडला तर उत्तर मिळालं. पडला नाही तर माणूस सोन्यासारखा आहे, त्याला कमिटीत घे, आणि तरीही सामने गावातच खेळव. आपल्या मैदानावर ज्या लीगला खेळता येतं ती लीग आपली. वरची लीग हवी असेल तर आधी मैदान वाढव. दहा वर्षं लागली तर लागू देत. तुझं वयच काय आहे!

परदेशी खेळाडूंबद्दल तू तीन परिच्छेद लिहिलेस, त्याला उत्तर देत नाही. आपल्याकडं कोल्हापुरात पेठांचे संघही बाहेरचे खेळाडू आणतात, त्यात गैर काही नाही. पण ते शाहू स्टेडियमवर खेळतात, पेठेपासून चालत जाता येतं तिथं. बाकी तू समजून घे, सगळं मीच लिहायचं का?

रविवारच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवू नकोस. माझं नाव निघालं की निम्मी कमिटी उलटं मत देते, हा अनुभव आहे. हकीकत तुझी म्हणून सांग. मी येणार नाही. आलो तर गप्प बसवत नाही, आणि बोललो की जुनं सगळं निघतं. ठरावाचा मसुदा मात्र शनिवारपर्यंत पाठव. ‘गावातील मैदानावर’ हे शब्द मला त्यात पहिल्या ओळीत दिसले पाहिजेत, तिसऱ्या नाही.

तुझा,
माजी सेक्रेटरी