दुर्बिणीतून खांद्याचा फाटलेला टेंडन शिवताना कोणती अवजारे वापरतात, आणि हाडात टाका कसा बसतो?

अस्थिशल्यचिकित्सेच्या शस्त्रक्रियागृहात सर्जनच्या हातात अवजारे देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

हाडात सुई जात नाही, म्हणून दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, जिथून टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) सुटला आहे तिथे, साधारण 5 मिलिमीटर जाडीचा अँकर, म्हणजे दोरे ओवलेली छोटी खुंटी, रोवतात. तो धातूचा, पीक नावाच्या प्लास्टिकचा, शरीरात विरघळणारा किंवा, त्याहून बारीक, नुसत्या विणलेल्या दोऱ्याचाही असतो. त्याच्यात ओवलेले दोरे बाहेर लोंबत राहतात आणि तेच टेंडनमधून काढायचे असतात. अँकर रोवण्याआधी ती जागा बरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या छोट्या अवजाराने, हलकेच खरवडतात, कारण रक्त आले की टेंडन हाडाला चिकटायला मदत होते असे मानतात; मात्र हाडाचे कठीण कवच फार काढले, तर अँकरची पकड सैल होते.

दुर्बीण साधारण 4 मिलिमीटर जाडीची असून तिची नजर 30 अंश तिरकी असते, त्यामुळे ती जागच्या जागी फिरवली तरी बराच परिसर दिसतो. सांध्यात सलाईन सतत सोडलेले असते. थोडा रक्तस्राव झाला तरी सगळे गढूळ होते, म्हणून रक्तवाहिन्या शेकून रक्त थांबवणारा रेडिओफ्रिक्वेन्सी प्रोब कायम हाताशी लागतो. कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, दिसायला क्षुल्लक वस्तू. पण गाठ मारायचे दोन्ही दोरे एकाच नळीतून बाहेर आले नाहीत, तर त्यांच्यामध्ये मांस अडकते आणि गाठ खाली सरकतच नाही. नवशिक्यांचा वेळ खाणारी चूक बहुधा हीच.

दोरा टेंडनमधून काढण्यासाठी सूचर पासर असतो. त्याचा जबडा टेंडनची कड धरतो आणि आतली लवचिक सुई दोरा पलीकडे ढकलते. हल्लीचे पॉलिथिलीनचे दोरे इतके मजबूत आहेत की ते सहसा तुटत नाहीत; साबणाच्या वडीतून तार ओढावी तसे ते कमकुवत टेंडन कापत जातात. दुबळी जागा ती आहे, आणि माझ्या मते बहुतेक नव्या युक्त्या तिच्यासाठीच निघाल्या आहेत. दोऱ्याऐवजी चपटी टेप वापरणे ही त्यातलीच एक. दुसरी, अँकरच्या दोन रांगा: आतली रांग कूर्चेच्या काठाशी, बाहेरची हाडाच्या उतारावर, आणि मधले दोरे टेंडनवरून आडवे-तिरपे नेऊन त्याला हाडावर दाबून धरतात. प्रयोगशाळेत ही जोडणी अधिक पक्की ठरते, परंतु लहान फाटीत रुग्णाला एका रांगेपेक्षा फारसा वेगळा फायदा दिसत नाही. मागे सरकलेला टेंडन भोवतालचे चिकटलेले पापुद्रे न सोडवता ताणून दोन रांगांत बसवला, तर तो आतल्या रांगेपाशीच पुन्हा फाटू शकतो.

म्हणून सर्जनला अँकरच्या कंपनीपेक्षा टेंडन किती मागे सरकला आहे आणि एमआरआयमध्ये स्नायूत किती चरबी दिसते, हे विचारावे.