इंग्रजी विषय घेतलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

पदवीला किंवा एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुलामुलींचे प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतात आणि परीक्षा जवळ आली की ढिगाने येतात. विचारणारे बदलतात, गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. एक आधीच सांगते. मी तुमचा सिलॅबस पाहिलेला नाही, तुमची वहीही पाहिलेली नाही. इथलं उत्तर वाचून थांबू नका, तुम्हाला शिकवणाऱ्या शिक्षकांकडे जाऊन खात्री करून घ्या.

प्रश्न: मॅडम, माझं शाळेचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी साहित्य घ्यायची फार इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, ‘तुला झेपणार नाही.’ काय करू?

उत्तर: ज्यांनी हा विषय कधी हातात धरला नाही, त्यांच्या सांगण्यावरून निर्णय घेऊ नका. माध्यमाची अडचण असते, नाही असं नाही. पण ती मुख्यतः वाचनाच्या वेगात जाणवते आणि पहिलं वर्ष सगळ्यात जड जातं. मराठी कादंबरीतलं पात्र असं का वागलं यावर तुम्ही मैत्रिणीशी तासभर वाद घालू शकत असाल, तर या विषयाला लागणारी समज तुमच्यात आहे. सलग पानं वाचणं आणि इंग्रजीत परिच्छेद लिहिणं सवयीने येतं. प्रवेशाआधी एवढं करा: अभ्यासक्रमातली एखादी लघुकथा घ्या, दोन पानं वाचा, काय वाचलं ते दहा ओळींत इंग्रजीत लिहा आणि चुकांसकट तो कागद विभागातल्या शिक्षकांना दाखवा. नुसतं ‘मला जमेल का?’ विचारलंत तर ते धीर देतील. कागद पाहिला की कुठे अडतंय ते नेमकं सांगतील.

प्रश्न: उत्तरपत्रिकेत स्पेलिंग ब्रिटिश लिहायचं की अमेरिकन?

उत्तर: विभागाने काही ठरवून दिलं असेल तर ते, नाहीतर दोन्हीपैकी कुठलंही एक, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच.

प्रश्न: कथानक सांगताना वर्तमानकाळ वापरायचा की भूतकाळ? एक सर एक सांगतात, क्लासमध्ये दुसरं सांगतात.

उत्तर: साहित्यकृतीत जे घडतं ते वर्तमानकाळात लिहायचं, लेखकाच्या आयुष्यात जे घडलं ते भूतकाळात. हॅम्लेट आजही पडद्याआड तलवार खुपसतो, शेक्सपिअर मात्र १६१६ साली वारला.

प्रश्न: आम्हाला ‘हॅम्लेट’ आहे. सीनियर सांगतात, मूळ नाटक वाचण्यात वेळ घालवू नका, गाइडमधला सारांश आणि दहा अपेक्षित प्रश्न केले की होतं. खरं आहे का?

उत्तर: नाही. शेक्सपिअरचं हे सगळ्यात लांब नाटक आहे, सुमारे ४००० ओळी, हे कबूल. पण प्रवेश मोजा: पाच अंक मिळून २०. चौथ्या अंकातले निम्म्याहून अधिक प्रवेश बघता बघता संपतात. दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश मात्र भलताच लांब आहे, त्याला दोन दिवस द्या. रोज दोन प्रवेश धरले तरी दोन आठवड्यांत नाटक हातावेगळं होतं. ‘वेळ नाही’ म्हणणारे सहा-सहा महिने हेच म्हणत राहतात.

सारांशात काय हातचं जातं ते सांगते. गाइडमध्ये एक वाक्य असतं: हॅम्लेट सूड घ्यायला दिरंगाई करतो. आता तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश उघडा. हॅम्लेटच्या वडिलांचा खून करून राजा झालेला त्याचा काका क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेला बसलाय, हॅम्लेट त्याच्या पाठीशी तलवार घेऊन उभा आहे. प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल, असा विचार करून तो तलवार म्यान करतो आणि निघून जातो. तो गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि कबूल करतो की माझे शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. ज्या कारणासाठी हॅम्लेट थांबला ते कारणच खोटं होतं, आणि हे त्याला कधीच कळत नाही. ‘दिरंगाई’ या एका शब्दात यातलं काय येतं? तळटीपा असलेली प्रत घ्या. कोणती, ते मात्र शिक्षकांना विचारूनच ठरवा. १६०४-०५ची क्वार्टो (या नाटकाची लहान आकाराची सुटी छापील प्रत) आणि १६२३चा फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा एकत्रित ग्रंथ) यांतल्या मजकुरात फरक आहे, आणि वर्गात एक प्रत, तुमच्या हातात दुसरी असं झालं की ओळी जुळत नाहीत.

प्रश्न: ‘ईडिपस’वरच्या उत्तरात मी आयर्नी म्हणजे उपरोध असं धरून दोन पानं लिहिली. मार्क कापले गेले. फोनमधल्या डिक्शनरीत तर हाच अर्थ दिलाय. मग माझं चुकलं कुठे?

उत्तर: चूक तुमची एकट्याची नाही, पण सुधारावी तुम्हालाच लागेल. यावर मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द चिकटवायचा आणि पुढे जायचं, या सवयीने हुशार मुलांची उत्तरं वाया जाताना मी वर्षानुवर्षं पाहते आहे, आणि दर वेळी जीव तुटतो.

उपरोधात बोलणारा जाणूनबुजून टोचतो. तासभर उशिरा आलेल्याला आपण ‘फार लवकर आलात’ म्हणतो, तो उपरोध. आता ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा राजा ईडिपस आठवा. आधीचा राजा लायस याच्या खुन्याला शोधून काढा असं तो सगळ्या नगरीला बजावतो, त्या खुन्याला शाप देतो. त्यात टोचणं कुठेच नाही, अगदी मनापासून बोलतोय तो. खुनी तो स्वतःच आहे हे त्याला ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे. त्याला माहीत असलेलं आणि आपल्याला माहीत असलेलं यांत जे अंतर पडतं, त्यातून ही आयर्नी उभी राहते. तुम्ही मनात ‘उपरोध’ धरून बसलात, म्हणून ते अंतर समोर असूनही दिसलं नाही.

‘ट्रॅजेडी’चंही तसंच. शोकांतिका हा शब्द सुंदर आहे, पण तो शेवटाकडे बोट दाखवतो. इस्किलस या ग्रीक नाटककाराचं ‘युमेनिडीझ’, इसवी सनापूर्वी ४५८चं, ट्रॅजेडीच आहे आणि त्याच्या शेवटी आईचा खून केलेल्या ओरेस्टीसची सुटका होते, सूडदेवतांना अथेन्समध्ये मानाचं स्थान मिळतं. शोक कुठाय? ‘कॉमेडी’ म्हणजे विनोदी नाटक म्हणावं, तर १६२३च्या फोलिओत ‘मेझर फॉर मेझर’ कॉमेडींमध्ये छापलंय, आणि त्यात भावाचा जीव वाचवायच्या बदल्यात बहिणीकडे तिचा देह मागितला जातो. ‘रोमँटिक’ म्हणजे प्रेमाचं, असं धरून वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज या रोमँटिक कवींचा १७९८चा कवितासंग्रह उघडणाऱ्याला त्यात बेघर भटकी बाई, वेडसर मुलगा आणि शापित खलाशी भेटतात. ‘किंग लिअर’मध्ये एडमंड ‘नेचर’ला देवता मानतो, तिथे ‘निसर्ग’ लिहून एका विद्यार्थ्याने झाडं, नद्या आणि डोंगर यांवर अर्धं पान भरलं होतं. एडमंड बोलतोय ते समाजाच्या कायद्याविरुद्ध. अनौरस म्हणून मला डावलणारा तुमचा कायदा मी मानत नाही, मी मानतो तो निसर्गाचा नियम, असं त्याचं म्हणणं.

एक पुस्तक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची विद्यार्थिनीची प्रत. बाल्कनीच्या प्रवेशात ‘व्हेअरफोर’ या शब्दावर तिने बारीक पेन्सिलीने ‘कुठे’ असं लिहिलं होतं, आणि उत्तरात अंधाऱ्या बागेत रोमिओला शोधणारी व्याकूळ ज्युलिएट रंगवली होती. भाषा चांगली होती, कळवळाही खरा होता. पण ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’. ज्युलिएट त्याला शोधत नाहीये. रोमिओ खाली बागेत उभा आहे हेही तिला माहीत नाही. ती विचारतेय, तू रोमिओ का आहेस, शत्रूच्या घराण्याचं नाव तुझ्या वाट्याला का आलं? सगळं नाटक ज्या प्रश्नावर उभं आहे तो प्रश्न पेन्सिलीच्या दोन अक्षरांनी पुसला गेला.

मराठी टाकून द्या असं मी म्हणत नाही, उलट मराठीचा जास्त वापर करा. एका शब्दाऐवजी दोन वाक्यं लिहा. वहीत ‘आयर्नी = उपरोध’ लिहिण्यापेक्षा ‘पात्राला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्याला दुसरा अर्थ चढतो’ असं लिहिलंत तर परीक्षेत तेच वाक्य इंग्रजीत उतरवता येतं. रोजच्या शब्दांसाठी इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी जवळ ठेवा. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच ती केलेली असते. हॉर्नबींचा असा कोश ऑक्सफर्डने १९४८मध्ये काढला तेव्हापासून या कोशांत सोप्या व्याख्या आणि वापराची उदाहरणं मिळतात. जुन्या साहित्यातल्या शब्दांसाठी मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आहे. तिचा पहिला भाग १८८४मध्ये आला आणि काम १९२८मध्ये पुरं झालं. कोणत्या काळात शब्द कोणत्या अर्थाने वापरला गेला, ते तिथे सालवार अवतरणांसह दिसतं. ती कशी मिळेल ते ग्रंथपालांना विचारा. साहित्यातल्या संज्ञांसाठी संज्ञाकोश वेगळा असतो, आणि शब्दकोशाने ते काम होत नाही. ॲपच्या जाहिरातीत लाखो शब्दांचा आकडा असतो, शब्दामागे अर्थ मात्र बहुतेक वेळा एकच दिलेला असतो. त्या आकड्याला भुलू नका.

आणि तपासलेली ती दोन पानं घेऊन शिक्षकांकडे जा. कोणत्या वाक्यापासून उत्तर घसरलं, ते त्यांच्याकडून समजून घ्या.

प्रश्न: ‘३० दिवसांत अस्खलित इंग्रजी, खात्रीशीर’ असा कोर्स लावू का? बोलताना मी अडखळते.

उत्तर: नको. ३० दिवसांत ठरावीक संवाद पाठ होतात. समोरच्याने वेगळा प्रश्न विचारला की ते संपतात. ‘खात्री’ म्हणजे नेमकी कशाची आणि ती पुरी झाली नाही तर काय, हे लेखी मागा. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात. त्यापेक्षा वर्गातल्या दोघीतिघींनी मिळून रोज वीस मिनिटं, वाचलेल्या मजकुरावरच बोला. अडखळणं मराठी बोलतानाही होत असेल, किंवा चारचौघांत तोंडच उघडत नसेल, तर गोष्ट निराळी आहे. त्यासाठी समुपदेशक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ यांना भेटा. भाषेच्या क्लासने ते सुटणार नाही.

प्रश्न: फोनेटिक्सची (उच्चारशास्त्राची) ४४ चिन्हं पाठ केली, तरी उच्चार चुकतात. का?

उत्तर: चिन्हं आवाज दाखवतात, पण मराठी माणसाचा घोळ बहुधा आघातात असतो. मराठीत शब्दाच्या कुठल्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर दिला यावरून सहसा काही बिघडत नाही, इंग्रजीत बिघडतं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. जोर सरकला की बाकीचे स्वर ढिले पडतात. त्यामुळे ‘फोटोग्राफर’मधला पहिला ‘फो’ जवळजवळ ‘फ’ ऐकू येतो. आपण सगळीकडे भरघोस ‘ओ’ लावतो. तेव्हा शब्दकोशात चिन्हांच्या वर बारीक उभी रेघ असते ती आधी बघा, जोर तिच्या लगेच नंतरच्या अवयवावर येतो. दुसरी अडचण आपल्या ‘व’ची. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात दात ओठाला टेकतात, दुसऱ्यात फक्त ओठ गोल होतात. आरशात बघून करा, आणि स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून भाषाविज्ञानाच्या शिक्षकांना ऐकवा. आपला उच्चार आपल्या कानाला बरोबरच वाटतो.

प्रश्न: लांब उत्तराला जास्त मार्क मिळतात असं ऐकलंय.

उत्तर: ऐकलंय, तपासलेलं नाही. मागच्या परीक्षेची आपली उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे बघायला मिळत असेल तर बघा आणि मार्क कुठे दिलेत ते शिक्षकांकडून समजून घ्या.

प्रश्न: असाइनमेंट मी स्वतः लिहितो, पण भाषा सुधारायला एआय वापरतो. चालतं का? मित्र म्हणतात, कोणाला कळत नाही.

उत्तर: मित्रांच्या भरवशावर पदवी पणाला लावू नका. प्रत्येक विद्यापीठाचा, कधीकधी प्रत्येक विषयाचाही नियम वेगळा असतो. काम सुरू करण्याआधी शिक्षकांना विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. परवानगी असली तरी एक धोका लक्षात ठेवा: ही साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेख खऱ्यासारखे रचून देतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि असा लेख मात्र कधी छापलेलाच नाही. जे पान तुम्ही स्वतः उघडून पाहिलं नाही, ते संदर्भसूचीत घालू नका. आणि भाषा ‘सुधारून’ आल्यावर मूळ परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. तुमचा मुद्दाच बदललेला असेल तर तुमचंच वाक्य ठेवा, ओबडधोबड असलं तरी.

प्रश्न: एम.ए.चं डिझर्टेशन जमा करायला अडीच महिने आहेत. विषय अजून पक्का नाही, म्हणून गाइडना भेटले नाही. आधी विषय ठरवू की आधी भेटू?

उत्तर: उद्याच भेटा. विषय पक्का करायलाच गाइड असतात. ‘काहीतरी दाखवण्यासारखं झाल्यावर जाते’ म्हणता म्हणता मुलींचे महिने जातात, आणि शेवटच्या पंधरवड्यात इकडून तिकडून उतरवलेला मजकूर येतो. जाताना तीन गोष्टी न्या: तुम्ही मनापासून वाचलेली एकच साहित्यकृती, तिच्यातला तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न, आणि त्या कृतीवर ग्रंथालयात सापडलेले दोन लेख. ‘स्त्रीवादी दृष्टिकोनातून अमक्या लेखिकेच्या कादंबऱ्या’ असं शीर्षक नेऊ नका, त्याला अडीच वर्षं लागतील. एक कादंबरी, एक प्रश्न. आजपासून जे वाचाल त्याचा पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे टिपा, कारण संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत मजकुरातच लेखकाचं आडनाव आणि पान द्यावं लागतं आणि शेवटच्या रात्री ती पानं पुन्हा सापडत नाहीत. तुमच्या विभागात कोणती पद्धत चालते, तेही उद्याच विचारून घ्या.